एक बरणी, द्रवासह

अत्तर लावून आलेल्या माणसाला आमचे सर प्रयोगशाळेत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मग तो कामगार असो, मॅनेजर असो, नाहीतर कारखान्याचा मालक. एकदा मोठे भागीदार मुंबईहून पाहुणे घेऊन आले. सगळ्यांच्या अंगावर कसलेकसले फवारे मारलेले. सर दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "काचेतून बघा." पाहुणे हसले, त्यांना गंमत वाटली. सर हलले नाहीत, तेव्हा त्यांनी निमूटपणे काचेतून बघितलं.

याला कारण होतं. ते समजून घ्यायची तसदी त्या कारखान्यात कोणी घेतली नाही, याचा मला अजून संताप येतो.

खोपोलीच्या अलीकडे आमचा कारखाना. भाताच्या गिरण्यांतून कणी आणायची, तिच्या पिठाची साखर करायची आणि त्या साखरेचं अल्कोहोल. हे काम बहुतेक सगळीकडे यीस्टकडून करून घेतात, आमच्याकडे ते एक जिवाणू करायचा. टाकीत हवा जास्त शिरली की त्याची गाडी शेवटच्या पायरीवर अडकायची आणि अल्कोहोलच्या जागी एक उग्र वाफ साचायला लागायची. तिला कच्च्या सफरचंदासारखा वास. ती साचत गेली की जिवाणूच मरायचा. यंत्राला हे कळायला तासभर लागे. सर जिना उतरतानाच ओरडायचे, "तीन नंबरची हवा कमी करा रं!" ज्या माणसाचं निम्मं काम नाकावर चालतं, त्याच्यासमोर लोक अंगाला वास फासून यायचे आणि वर त्यालाच विक्षिप्त म्हणायचे.

मी पळसदरीच्या बाजूच्या गावातली. बीएस्सी झाल्यावर तिथे लागले. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाले, "खाल्लेलं सगळं अंगाला लागतं का गं?"

मी गांगरून म्हणाले, "नाही."

"मग बस."

त्यांचा सगळा अभ्यास या एका प्रश्नात होता, हे मला पुढे कळलं. साखरेच्या एका रेणूमागे यीस्टला ताकदीचे दोन घास मिळतात, आमच्या जिवाणूला एकच मिळतो. तेवढ्यावर जगायचं म्हणून तो झपाट्यानं खात सुटतो. खातो प्रचंड, पण अंगाला काही लागत नाही. जवळजवळ सगळ्या साखरेचं अल्कोहोल करून बाहेर टाकतो. शिवाय पुढच्यासाठी साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. साखर संपली की यीस्ट बरेच दिवस तग धरतं, आमचा जिवाणू भराभर मरायला लागतो.

सर पन्नाशीचे असतील. खालापूर तालुक्यातल्या एका गावातले, भातशेती करणाऱ्यांच्या घरातले. शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेन्सिली, पेन एकही नाही. स्टीलच्या थर्मासमध्ये बिनसाखरेचा कोरा चहा. मीटिंगमध्ये त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असायची. राग आला की ती तडक गावाला जायची, आणि राग त्यांना दिवसातून दोनदा तरी यायचा. 'जंतू' म्हटलेलं त्यांना खपत नसे. कुणी "मेले तर मेले, दुसरे वाढतील" असं म्हटलं की हातातला थर्मास खाली ठेवून ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. काही बोलत नसत. समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत नुसते बघत राहत.

आमच्या मॅनेजरांनी एकदा भिंतीवर तक्ता लावला. यीस्टची वाढ किती, आमच्या जिवाणूची किती. जिवाणूचा खांब बुटका. "बघा सर, तुमचा पठ्ठ्या आळशी आहे," मॅनेजर म्हणाले. ते गमतीनंच म्हणाले होते. सर तक्त्याजवळ गेले, पेन्सिल काढली आणि बुटक्या खांबाच्या शेजारी त्यानं केलेल्या अल्कोहोलचा खांब काढायला लागले. कागद संपला तरी थांबले नाहीत, पेन्सिल भिंतीवर चढली.

"आळशी?" ते म्हणाले. "अवो, त्याच्या अंगाला लागत नाय म्हनून तर तुमचा टँकर भरतो. त्याला एका घासावर राबवता आन वर आळशी म्हनता? लाज वाटाया पायजे."

ती पेन्सिलीची रेघ पुढची रंगरंगोटी होईपर्यंत भिंतीवर होती.

हा जिवाणू त्यांनी ताडीतून शोधला होता. डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत एक म्हातारा ताडी काढायचा. त्याच्या मडक्यातली ताडी सगळ्यांच्या आधी फसफसते, हे सरांनी हेरलं होतं. त्या मडक्यातून आणलेल्या थेंबभर ताडीवर वर्षानुवर्षं खपून त्यांनी हा एक वाण वेगळा काढला. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कुपीवर ते पेन्सिलीनं त्या म्हाताऱ्याचं नाव लिहायचे. कंपनीनं त्या वाणाला इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिले होते. ते सरांनी कधीच वापरले नाहीत.

मग कंपनीनं गुळगुळीत कागदावर एक माहितीपुस्तिका छापली. त्यात होतं, 'आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेला वाण.' स्वागतकक्षात तिचा गठ्ठा होता. जेवणाच्या सुट्टीत सर तिथे जाऊन बसले आणि एकेका प्रतीतला 'विकसित' शब्द खोडून वर 'सापडलेला' लिहायला लागले. रिसेप्शनवरची मुलगी रडकुंडीला आली. मी त्यांना उठवायला गेले, तर त्यांनी निम्मा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "घे पेन्सिल. खोटं छापलंय, आपन वाचून गप बसायचं?"

मी वीस-पंचवीस प्रती दुरुस्त केल्या. नोकरीतलं माझं तेवढंच एक धाडस.

देशात जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्था असतात. तिथे आपला एक नमुना पाठवून ठेवावा, म्हणजे इथे काही बरंवाईट झालं तरी वाण राहील, असा अर्ज सरांनी तीनदा केला. तिन्ही वेळा एकाच वाक्याचं उत्तर आलं: कंपनीची मालमत्ता आवाराबाहेर जाणार नाही. तिसरं उत्तर त्यांनी फ्रीजच्या दारावर चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'वाचा आणि लक्षात ठेवा.' आम्ही हसलो होतो.

एका पावसाळ्यात दोन्ही भागीदारांचं फिसकटलं. काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दुपारी नोटीस लागली, अर्ध्या तासात सगळ्यांनी बाहेर पडा, गेटला कुलूप लागणार. वीज आधीच तोडली होती. डीप फ्रीजरमधून पाणी ठिबकायला लागलं. टाक्यांमधली साखर सकाळीच संपली होती.

सर मॅनेजरांकडे गेले. "एका टाकीत थोडी साखर आणि थोडी हवा चालू ठेवू द्या. जनरेटरवर चालेल." मॅनेजर फोनवर होते. त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली. सरांनी दोन मिनिटं वाट पाहिली. मग ते परत आले, तीन लिटरची काचेची बरणी टाकीखाली धरून भरली, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि कापडी पिशवीत घालून निघाले. मी त्यांच्या मागोमाग होते.

गेटवर आमचे वॉचमन चाचा होते, खोपोलीचेच. "सर, पिशवीत काय हाय?"

सरांनी पिशवी उघडून दाखवली. "जीव हाय, चाचा. आत ऱ्हायला तर मरंल."

चाचांनी वाकून बघितलं. "मंग न्या. पन मी लिवून ठेवतो हां." त्यांनी गेटच्या वहीत लिहिलं, सरांनी खाली सही केली. हे सगळं उघड्यावर, भर दुपारी, पंचवीस-तीस माणसांसमोर झालं. म्हणून मी ते इतकं तपशिलात सांगते आहे.

बरणी सरांच्या घरी पडवीत आली. काकू म्हणाल्या, "ह्यांनी कधी लोनच्याची बरनी आनली नाय घरात, आन ही बघा." पण त्यांनीच भाताची कणगी सरकवून तिला जागा करून दिली. मी रोज एसटीनं सरांच्या गावी जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. घरी बसून करणार तरी काय होते?

सरांनी आधी कुकरमध्ये साखरपाणी उकळून बाटल्या भरल्या आणि त्यांत बरणीतलं थोडं थोडं घातलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांवर रानटी यीस्टची साय धरली. पडवी म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. साखर द्यायचीच नाही. बरणीत जिवाणूनंच केलेलं अल्कोहोल होतं. अगदी चिमूटभर हवा मिळाली, तर तो त्यातलंच थोडं जाळून जिवापुरती ताकद मिळवतो. वाढत नाही, नुसता टिकतो. हवा कमी पडली तर उपासमार, जास्त झाली तर ती सफरचंदाच्या वासाची वाफ.

गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून पंप चालणार नव्हता. सरांनी सायकलची ट्यूब हवेनं टम्म फुगवली आणि तिला दवाखान्यातून आणलेली सलाइनची नळी जोडली. नळीवरच्या चिमट्यानं हवा आवळत आवळत ती सात आकडे मोजेपर्यंत एक बुडबुडा अशी आणली. मग पाटावर बसून मोजायला लागले. माझी पाळी आली की मी मोजायची. काकू तांदूळ निवडता निवडता मोजायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "आता आठ झाले बघा."

जगतोय की नाही हे बघायला रोज सकाळी एका लहान बाटलीत ताजं साखरपाणी घेऊन त्यात बरणीतला चमचाभर द्रव घालायचा आणि बाटलीच्या तोंडावर फुगा चढवायचा. जिवाणूनं सोडलेल्या वायूनं फुगा उभा राहिला की सर थर्मास उघडून चहा घ्यायचे.

बाराव्या दिवशी फुगा उभा राहिला नाही. दुपार झाली तरी तो बाटलीच्या गळ्यावर लोंबत होता. सर भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दिवशी पावसात भिजल्यामुळे त्यांना जबर सर्दी झाली होती. मी बरणीजवळ वाकले आणि मला तो वास आला.

"सर, सफरचंद!"

ते ताडकन उठले, बरणीला नाक लावलं. त्यांना वासच येत नव्हता. "नक्की?"

"नक्की."

त्यांनी चिमटा आवळला आणि हवा जवळपास बंद केली. मग पाटावर बसून पुन्हा बुडबुडे मोजायला लागले. दुसऱ्या दिवशी फुगा अर्धवट उभा राहिला, बोटभर. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं नाक चांगलं हाय गं." त्यांच्याकडून एवढं कौतुक कुणाच्याच वाट्याला आलेलं मी पाहिलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी मॅनेजरांचा फोन आला. एका भागीदारानं दुसऱ्याचा हिस्सा घेतला होता, कारखाना सुरू होत होता, आणि आतलं सगळं मेलं होतं. "सर, तुमच्याकडे काही आहे का हो?" सरांनी फोन ठेवला आणि बरणी पिशवीत घातली. त्यांनी लहान टाकीतून मोठ्या टाकीत, करत करत वाण पुन्हा उभा केला. फ्रीजरमध्ये नव्या कुप्या भरून ठेवल्या, त्यांवर पेन्सिलीनं पुन्हा त्या म्हाताऱ्याचं नाव लिहिलं. पहिला टँकर भरला तेव्हा पेढे वाटले. मॅनेजरांनी भाषणात नव्या व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीचे आभार मानले. सरांचं नावही घेतलं नाही. ते मागे उभे राहून चहा पीत होते, त्यांचं लक्षही नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांना नोटीस मिळाली. विनापरवाना कंपनीची मालमत्ता आवाराबाहेर नेल्याबद्दल.

नव्या मालकांना जुनी, आडवी बोलणारी माणसं नको होती. तसं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चौकशी. टेबलापलीकडे तीन माणसं बसली होती, त्यांतल्या एकानंही टाकी जवळून पाहिलेली नव्हती. मला साक्षीदार म्हणून आत बोलावलं.

"बरणी बाहेर नेताना तुम्ही पाहिलंत? हो किंवा नाही?"

"हो, पण चाचांच्या वहीत..."

"हो. एवढं पुरे."

"अहो, ती नेली नसती तर..."

"तुम्हाला विचारलंय तेवढंच बोला. इथे सही करा."

गेटची वही त्यांनी मागवली नाही. चाचांना बोलावलं नाही. आणि मी सही केली. कागदावर 'हो' होतं आणि खाली माझं नाव. खोटं काहीच नव्हतं त्यात. 'विकसित' खोडणाऱ्या सरांसमोर मी बसले होते आणि मला पेन्सिल उचलता आली नाही.

सरांनी आरोपाचा कागद शेवटपर्यंत वाचला. मग बोट ठेवून म्हणाले, "हे काय लिहिलंय? 'एक काचेची बरणी, द्रवासह.'"

"तुम्ही नेलेली वस्तू."

"द्रव नव्हता तो. जिवंत जिवाणू होता. 'जिवंत' लिहा, मी आत्ता सही करतो. चोर म्हणा, काहीही म्हणा."

"तांत्रिक तपशिलाची गरज नाही."

सर उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण भाषा गावाला पोचली होती. "एकोनीस दिस तुमचा कारखाना माझ्या पडवीत श्वास घेत व्हता. त्याला तुमी द्रव म्हनता? ज्याला जिता आन मेला यातला फरक कळत नाय, त्यानं माझी चौकशी करायची?" त्यांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला, तिन्ही पेन्सिली खिशात आहेत ना ते चाचपलं आणि निघून गेले. माफीपत्र दिलं तर प्रकरण मिटवू, असा निरोप दोनदा गेला. त्यांनी उत्तर दिलं नाही. मग बडतर्फीचं पत्र निघालं.

त्यांच्या जागी आलेला माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. तपासणीच्या आधी त्यानं फ्रीजर साफ केला. ज्या कुप्यांवर कंपनीचा आकडा नाही, नुसतंच पेन्सिलीनं कुणाचं तरी नाव आहे, त्या त्यानं फेकल्या. मी म्हणाले, "या ठेवा." तो म्हणाला, "रेकॉर्डला नाहीत." मग दिवाळीच्या सुट्टीत त्यानं टाक्या साखर आणि हवा बंद करून झाकून ठेवल्या. कामावर परत आलो तेव्हा आत काही उरलं नव्हतं.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "तुमचं त्यांच्याशी बरं होतं. जरा जाऊन बघा. एखादी बाटली ठेवलीच असेल त्यांनी."

मी गेले. बडतर्फीनंतर त्यांच्याकडे गेले ती पहिल्यांदाच, आणि गेले ती त्या लोकांच्या कामाला. सर खळ्यावर भात झोडत होते. मला बघून त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मी काय झालं ते सांगितलं. कुप्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. मग मी विचारलं, "एखादी बाटली आहे का?"

"नाय."

"एक थेंबसुद्धा ठेवला नाहीत?"

"बरनी त्यांच्या टाकीत रिकामी केली, गरम पान्यानं धुतली आन स्टोअरला जमा केली. एक थेंब ठेवला असता तर त्यांनी लिवलं ते खरं झालं असतं ना गं."

मग जे इतके महिने गिळून बसले होते तेच तोंडातून गेलं. "सर, त्या कागदावर मी सही केली."

"ठावं हाय. वाचला ना मी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतो. का केलीस?"

काहीतरी सावरून सांगता आलं असतं. विचारलं तेवढंच बोला म्हणाले, वगैरे. "नोकरी जाईल म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. 'मेले तर मेले' म्हणणाऱ्या माणसाकडे बघत तसं. मला अवघडल्यासारखं झालं तरी ते बघतच राहिले. तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली, पानं घेतली होती. सर म्हणाले, "चल, जेवून जा."

नव्या तांदळाचा भात होता, सुकटीचं कालवण होतं. काकू आग्रह करत होत्या. सर खाली मान घालून जेवले. मला वाढ असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं, माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. निघताना ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. एसटी वळणावर दिसली तेव्हा म्हणाले, "येऊ नको असं नाय म्हनत मी. पन त्यांच्या कामाला येऊ नको."

मी सोमवारी जाऊन मॅनेजरांना सांगितलं की त्यांच्याकडे काही नाही. ते म्हणाले, "बघा, माणसाला जराही आपुलकी नाही कंपनीबद्दल."

मी ऐकून घेतलं. महिन्याभरानं ती नोकरी मी सोडली, कुणी काढलं नाही. त्यानंतर त्या लोकांच्या कामाला मी सरांकडे गेले नाही. स्वतःच्या कामाला जायचं धाडस अजून झालेलं नाही.